बगळे कोणाचे कोण?

रविवारी सकाळी कुंदाताई कर्णिकांनी सुरमई परत पाठवली, तेव्हा आमच्या मजल्यावर सगळ्यांनी एकच अर्थ काढला. घरात कुणीतरी गेलं.

कर्णिकांकडे रविवार आणि मासळी यांची फारकत कुणी कधी पाहिली नव्हती. कित्येक वर्षं आमच्या इमारतीत मासे घेऊन येणारी हेमाबाई टोपली डोक्यावर तशीच ठेवून माझ्या दारात आली. "त्यांच्याकडं कोन गेला वो? ताई बोलल्या, आज नको, आज दुखवटा हाय." मी हातातली कणीक परातीत टाकली, गाऊनवर ओढणी घेतली, चेहरा जमेल तेवढा लांब केला आणि समोरचं दार वाजवलं.

कुंदाताई खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर एक रंगीत इंग्रजी पुस्तक.

"कोण गेलं?" मी आवाज खाली आणून विचारलं.

"बगळे."

मी मनातल्या मनात कर्णिकांचे व्याही, विहिणी, मेहुणे, साडू सगळे धुंडाळले. बगळे कुणी सापडेनात. "कुठले बगळे? ठाण्याचे?"

"अमेरिकेचे," असं म्हणून त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. त्यात राखाडी पंख लावलेला, लांब चोचीचा मुखवटा घातलेला एक धिप्पाड गृहस्थ पडक्या इमारतीखाली चिरडून पडला होता. भोवती घट्ट कपड्यांतली बरीच मंडळी माना खाली घालून उभी.

"तुम्ही ह्याचं सुतक धरलंत?"

"वेडी का तू? सुतक रक्ताचं असतं. हा नुसता दुखवटा. ओळखीचं माणूस गेलं की त्या दिवशी आपण सुरमई तळत नाही, एवढंच." मग म्हणाल्या, "बस. आलीच आहेस तर दोन मिनिटं गप्प बस." आणि मी, बँकेत दिवसभर लोकांना गप्प बसवणारी बाई, एका अमेरिकन बगळ्यासाठी दोन मिनिटं गप्प बसले.

काही महिन्यांनी त्याच दारातून झाकलेली ताटली आली. खाली गरमागरम सुरमई. "बगळे आले," कुंदाताईंचा चेहरा फुलला होता. "गेलेच नव्हते. गेले ते धाकट्या गादीचे. हे आपले थोरल्या गादीचे."

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की बाईंचं डोकं फिरलंय. तसं मुळीच नव्हतं. मुलुंड पूर्वेत 'कर्णिक वधूवर सूचक केंद्र' ह्या नावाचा एक काळ दबदबा होता. दिवाणखान्यातलं एक टेबल, मुलींचे गुलाबी अर्ज, मुलांचे पिवळे अर्ज आणि कुंदाताईंची जीभ, एवढंच काय ते भांडवल. माझं लग्न तिथलंच. प्रमोदचा पिवळा अर्ज माझ्या आईपुढे ठेवताना त्या म्हणाल्या होत्या, "स्थळ चांगलं आहे, पण घोरतो. आधी सांगितलेलं बरं." पुढे आम्हाला त्यांच्याच समोरची जागा मिळाली, त्यामुळे प्रमोदने ओला टॉवेल पलंगावर टाकला की तक्रार घेऊन मला लांब जावं लागत नाही. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: "दिलेला माल परत घेतला जात नाही."

माणसं जुळवण्याआधी त्या नाती जुळवायच्या. कुणीही दारात येऊन "अमक्याचं असं झालं" म्हणायला लागलं की हात वर करायच्या. "आधी नातं सांग, मग गोष्ट." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की बँकेत एकदा कर्ज मागायला आलेल्या माणसालाही मी तेच म्हणाले.

मग त्यांच्या समीरचं लग्न झालं. मृणालचा गुलाबी अर्ज त्यांनी बाहेर कुणाला दाखवलाच नाही, थेट घरी ठेवून घेतला. हसरी, चटपटीत पोरगी. तिने सासरी आणलेल्या सामानात साड्या कमी आणि कॉमिक्सचे खोकेच जास्त होते. समीरला त्याचं हसू यायचं, पुढे पुढे राग यायला लागला. तेवढ्यासाठी मोडलं असं नाही, पण मोडलं. आरडाओरडा झाला नाही. दोघं एकाच घरात दोन भाडेकरूंसारखे राहायला लागले आणि एक दिवस कागदांवर सह्या करून मोकळे झाले. समीर कॅनडाला गेला. मृणाल पवईला ऑफिसजवळ एका खोलीत राहायला गेली.

कुंदाताईंनी केंद्र बंद केलं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "हलवायाच्या घरचीच मिठाई नासली तर दुकान कशाला उघडं ठेवायचं?" केंद्राची पाटी चांगल्या सागवानाची होती. ती त्यांनी आतल्या खोलीत आडवी ठोकून फळी केली आणि तिच्यावर मृणालचे तीन खोके ठेवले. नवीन जागेत मावत नाहीत, नंतर नेते, असं ती सांगून गेली होती.

एका दुपारी धूळ झटकायला म्हणून त्यांनी वरचा खोका उघडला आणि आमच्या शेजाराची शांतता संपली.

ह्या पुस्तकांची भानगड मला त्यांच्यामुळेच कळली. एकेका अचाट नायकाचं स्वतंत्र मासिक असतं. तोवर सगळं सरळ. पण दर वर्ष-दोन वर्षांनी कंपनीला लहर येते आणि सगळ्या मासिकांतले सगळे नायक एकाच महाकथेत आणून सोडतात. कथा सुरू होते एका मासिकात, पुढचा तुकडा दुसऱ्यात, आणि मधला महत्त्वाचा खुलासा भलत्याच कुठल्यातरी मासिकात, ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नसतं. त्यातून पृथ्व्याही अनेक, आणि प्रत्येक पृथ्वीवर त्याच नायकाची वेगळी प्रत. जन्मभर वाचणारी मुलंसुद्धा म्हणे ह्यात डोकं धरून बसतात.

कुंदाताईंनी डोकं धरलं नाही, पदर खोचला. "एका पानावर इतकी माणसं आणि कुणी कुणाची ओळख करून देत नाही. ही काय पद्धत झाली? आधी नातं सांगा, मग मारामारी करा."

केंद्राचे कोरे अर्ज कपाटात गठ्ठ्याने पडले होते. ते बाहेर निघाले. 'ग्रे हेरॉन' नावाच्या नायकाला बगळे हे आडनाव मिळालं. 'मिस्टर इंडिगो' झाले नीळकंठराव. पाण्याचा लोट अंगावर सोडणारी 'मिस कॅस्केड' ह्या धबधबेवहिनी, आणि मोठ्या घड्याळाचा लंबक घेऊन काळाची वाट लावणारा खलनायक 'डॉक्टर पेंड्युलम' झाला लंबकशास्त्री. नीळकंठरावांचा पिवळा अर्ज मी स्वतः वाचलाय. उंची सहा फूट पाच. वर्ण निळा. शिक्षण परग्रहावर, प्रमाणपत्रं जळाली. नोकरी नाही, जगाचं रक्षण करतो, बिनपगारी. स्वतंत्र घर आहे, समुद्राखाली, ओल असणार. मंगळ आहे, जन्मच तिथला. आणि खाली कुंदाताईंच्या ठसठशीत अक्षरात शेरा: 'स्थळ चांगलं आहे, पण दर दोन वर्षांनी मरतो.'

धबधबेवहिनींच्या गुलाबी अर्जात अपेक्षांच्या रकान्यात एकच ओळ होती: 'नवरा निदान एका तरी पृथ्वीवर जिवंत असावा.'

आमच्या प्रमोदने असले तीन-चार सिनेमे पाहिलेले. त्या बळावर तो एकदा त्यांना समजवायला गेला. मी चहाचा कप घेऊन मुद्दाम मागोमाग गेले. अशी करमणूक फुकट मिळत नाही.

"काकू, ते मल्टिव्हर्स असतं," प्रमोद म्हणाला. "म्हणजे समांतर विश्वं. जरा अवघड कन्सेप्ट आहे."

"कसला अवघड? थोरली गादी आणि धाकटी गादी. घराणं एक, गाद्या दोन, प्रत्येक गादीवर एक नीळकंठराव. मराठी माणसाला हे शाळेत शिकवतात. पुढे बोल."

"बरं. पण ते दर थोड्या वर्षांनी पुन्हा अंक एकपासून सुरू करतात ना, ते लोकांना कळत नाही."

"वय कमी करून सांगतात रे! मुलींच्या आया काय करायच्या? पस्तिशीची मुलगी, अर्जात अठ्ठावीस."

प्रमोद जरा खचला. "आणि आधी घडलेलं मध्येच रद्द करून टाकतात, जणू झालंच नाही, ते?"

"मोडलेला साखरपुडा," कुंदाताई म्हणाल्या. "झाला होता हे सगळ्यांना माहीत असतं, पण नवीन स्थळासमोर काढायचा नसतो. काढणारा मूर्ख."

त्यांचं म्हणणं असं, की हा सगळा प्रकार म्हणजे एक भलंमोठं लग्नघर आहे. मुख्य अंक म्हणजे मुहूर्त. बाकीच्या मासिकांतले फुटकळ तुकडे म्हणजे केळवणं. गेलं नाही तरी लग्न लागतं, पण लोक लक्षात ठेवतात. आणि नायक नायकांशी का भांडतात म्हणून लोक उगाच डोकं खाजवतात. मानपान! "एवढी माणसं एका मांडवात आली की रुसवेफुगवे होणारच. ह्या लंबकशास्त्र्याचं मूळ दुखणं काय, तर बगळेंच्या मुंजीला बोलावलं नाही." मी पुस्तक उघडून पाहिलं. मुंज नव्हती, कुठल्यातरी प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं. पण बोलावलं नव्हतं हे खरं.

आणि बगळेंच्या मागे मागे एक तपकिरी कपड्यांतला पोरगेला माणूस असायचा, 'स्पॅरो' नावाचा. "हा काय करतो?" मी विचारलं.

"हा चिमणे. पाठराखा."

"म्हणजे?"

"पाठराखीण माहीत नाही? नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर माहेरची एक बाई चार दिवस राहायला जात नाही का? तसा हा."

"पण तो काही करताना तर दिसत नाही."

"पाठराखीण कधी काही करते का? सोबत असते. परक्या घरात आपलं एक माणूस दिसलं की पुरतं गं." आणि पान उलटलं.

तर अशा ह्या कुंदाताई. 'द एंडलेस एक्लिप्स' नावाची एक महाकथा, शेवटचा अंक सोडून, मृणालच्या खोक्यांत होती. कुंदाताई तिला नुसतं 'खग्रास' म्हणायच्या. ते खग्रास त्यांना इतकं पाठ झालं होतं की मधला एखादा अंक नसला तरी तो न वाचता त्यात काय असेल ते सांगायच्या, आणि बरोबर निघायचं.

म्हणूनच पुढे एका रविवारी जे पाहिलं ते मला कळेना.

मृणाल खोके न्यायला आली होती. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच. टॅक्सी खाली थांबवलेली. कुंदाताईंनी मला हाक मारली होती, खोके उचलायला हात हवा म्हणून. मी गेले तर त्या सोफ्यावर एक अंक उलटा धरून बसलेल्या.

"ने बाई, ने," त्या मृणालला म्हणाल्या. "तुझंच आहे. फक्त जाता जाता एवढं सांग. हे बगळे कोणाचे कोण? मला मेलीला काही कळतच नाही."

मी आ वासून बघत राहिले. गेल्या गुरुवारीच ह्या बाईंनी मला बगळेंच्या तीन पिढ्या सांगितल्या होत्या, दोन्ही गाद्यांच्या.

मृणालने टेकल्यासारखं केलं आणि सांगायला लागली. कुंदाताई प्रत्येक वाक्याला "अगो बाई!" म्हणत होत्या. मध्येच विचारलं, "पण ते नीळकंठराव... आपलं, तो निळा माणूस, तो मेला होता ना?" पोरगी हसली आणि पुन्हा मागून सुरू केलं. शेवटी खाली जाऊन टॅक्सीवाल्याला पैसे देऊन आली. जेवायला थांबली. संध्याकाळी निघाली तेव्हा खग्रासचा पहिला तुकडाही सांगून झाला नव्हता, आणि खोके फळीवरच होते.

दार लागल्यावर मी कुंदाताईंकडे वळले. "तुम्हाला तर सगळं तोंडपाठ आहे."

"गप बस. चहा टाक." त्यांनी सोफ्याच्या गादीखालून पिवळ्या-गुलाबी अर्जांचा गठ्ठा काढला आणि कपाटात ठेवला. मला खूप हसू आलं, आणि थोड्या वेळाने ते जिरलं.

तेव्हापासून मृणाल रविवारआड येऊ लागली. कुंदाताईंची अक्कल दिवसेंदिवस घटत चालली. कधी त्या दोन्ही पृथ्व्यांची गल्लत करायच्या, कधी चिमणेला बगळेंचा जावई करून टाकायच्या. मृणाल कपाळाला हात लावायची आणि नवीन मासिकं घेऊन यायची, कारण हे समजायला आधी ते वाचायला हवं. जगातले सगळे वाचक ह्या कथा लांबतात म्हणून शिव्या देत असतील. कुंदाताई एकट्याच अशा, ज्या ताटात गरम पोळी वाढता वाढता सुखाने म्हणायच्या, "संपतच नाही गं हे."

एकदा मृणाल आणि मी जिन्यात भेटलो. मला राहवेना. "अगं, त्यांना सगळं येतं," मी सांगून टाकलं.

"माहितेय मला, स्मिताताई," ती म्हणाली. "एकदा सोफ्याखालून पिवळा कागद डोकावत होता. बगळेची रास लिहिली होती त्यावर. कुंभ." आम्ही दोघी जिन्यात तोंडावर हात ठेवून हसलो. मग तिने खांद्यावरची पिशवी उघडून एक अंक दाखवला, प्लास्टिकच्या पाकिटात, न उघडलेला. "हा खग्रासचा शेवटचा. कधीचा आलाय. मी त्यांना सांगितलंय, भारतात अजून मिळत नाही."

"का?"

"हा दिला की संपेल ना सगळं. मग कुठल्या कारणाने येऊ? मी आता त्यांची कोण?"

घरी येऊन प्रमोदला सांगितलं, तर तो म्हणाला, "दोघीही ठार वेड्या आहेत." पण त्या रात्री त्याने टॉवेल वाळत घातला.

ह्या फसवाफसवीत आणखी कितीही रविवार गेले असते. पण मग मृणालला निखिल भेटला. ऑफिसातला, बोरिवलीचा, शांत मुलगा. लग्न ठरलं, आणि ते कुंदाताईंना सांगायचं कुणी, असा प्रश्न आला. तो अर्थातच माझ्या गळ्यात पडला. मृणालने फोनवर गयावया केली, "तुम्ही सांगा ना, माझी हिंमत होत नाही." मी दोनदा साखर मागायला म्हणून गेले आणि दोन्ही वेळा खरोखरच साखर घेऊन परत आले.

तिसऱ्या वेळी कुंदाताईच म्हणाल्या, "साखरेचा डबा भरला असेल तर बोल आता. बोरिवलीचं स्थळ ना?"

मी साखरेची वाटी खाली ठेवली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"महिनाभर पोरगी मला विचारतेय, सुरमईला मीठ-हळद लावून किती वेळ ठेवायचं. एका खोलीत राहणाऱ्या एकट्या बाईला हे कशाला लागतं? मुलगा शाकाहारी नाही एवढं तेव्हाच कळलं. बाकीची चौकशी केली मी." त्यांनी ताजा पिवळा अर्ज पुढे ठेवला. निखिलचा. केंद्र बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी बोरिवलीतली त्यांची माणसं अजून जागेवर होती. शेरा असा होता: 'स्थळ चांगलं आहे. आई फटकळ, पण स्वयंपाकघरात लुडबूड करू देते.' मुलाच्या वाट्याला एकही 'पण' नव्हता. कुंदाताईंच्या शेऱ्यात चूक न काढलेला मी पाहिलेला हा एकमेव मुलगा.

"मग आनंदच आहे की," मी म्हणाले.

"आहेच. मी कुठे नाही म्हणतेय?" त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने मी डोकावले, तर त्या फळीवरचे खोके खाली काढून सुतळीने बांधत होत्या. गाठ नीट बसत नव्हती. मी गाठीवर बोट धरलं.

"जन्मभर सगळ्यांना विचारलं, आधी नातं सांग," खाली बघूनच त्या म्हणाल्या. "आता मला कुणी विचारलं तर काय सांगू? आजवर निदान मोडक्या लग्नाची का होईना, सासू होते. आता तिला दुसरी सासू येणार. एका सुनेला दोन सासवा, हे मी दोन्ही गाद्या धरूनही बसवून पाहिलं. बसत नाही."

मी काहीबाही बोलले. म्हातारं माणूस रडत नसलं की जास्त वाईट वाटतं.

पुढच्या रविवारी मृणाल आली, हातात पेढ्यांचा पुडा. तिने तोंड उघडायच्या आत कुंदाताईंनी तिच्या हातावर साखर ठेवली, निखिलची उंची, पगार आणि नाशिकची आत्या सांगितली आणि दाराकडे बोट दाखवलं. तिथे तिन्ही खोके बांधून ठेवलेले.

"घेऊन जा. वाचून झाले."

"पण तुम्हाला अजून कळलं कुठाय? बगळे..."

"बगळे हे जलविद्या खात्यातल्या थोरल्या बगळेंचे दत्तक पुत्र, नीळकंठरावांचे आतेभाऊ, आणि धाकट्या गादीवर धबधबेवहिनींचे दुसरेपणाचे यजमान," कुंदाताई एका दमात म्हणाल्या. "सगळं कळलं मला. आता माझं काही अडलेलं नाही. तू तुझं नवीन घर बघ."

मृणालचे डोळे भरले होते, पण ती हलली नाही. तिने पिशवीतून तो पाकीटबंद अंक काढून कुंदाताईंच्या मांडीवर ठेवला.

"हा राहिलाय. शेवटचा. आणि मी खोके न्यायला आले नाहीये, तुम्हाला न्यायला आलेय. पंधरा तारखेला लग्न आहे, तुम्ही यायचं."

"लग्नाला? कोणाकडून येऊ गं? मुलीकडची म्हणून बसू की मुलाकडची म्हणून? कुणीतरी विचारणारच, आपण कोण. मी काय सांगू?"

"सांगा, मुलीची पाठराखीण."

कुंदाताईंनी चष्मा काढला. "काय म्हणालीस?"

"आईला विचारलंय मी. तिचे गुडघे दुखतात, आणि हल्ली कोण पाठवतं पाठराखीण, असं मावशी म्हणते. पण मला हवीय. त्या घरात मी कुणाला ओळखत नाही. चार दिवस तुम्ही माझ्याबरोबर राहायचं."

"डोकं ठिकाणावर आहे का? पहिल्या लग्नाची सासू दुसऱ्या लग्नात पाठराखीण? लोक शेण घालतील तोंडात. कुठल्या शास्त्रात बसतं हे?"

"ते मला माहीत नाही," मृणाल म्हणाली. आता ती सरळ रडत होती. "आधी नातं सांग म्हणता ना? सांगितलं."

कुंदाताई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आल्या तेव्हा चेहरा पाण्याने धुतलेला होता आणि आवाज केंद्र चालवतानाचा होता. "पाठराखिणीला साडी द्यावी लागते, ठाऊक आहे ना? मला ती पोपटी बिपटी चालणार नाही. आणि स्मिता, तू काय डोळे पुसत उभी आहेस? सुतळी सोड त्या खोक्यांची."

लग्नाला मीही गेले. मुलाकडच्या एका बाईंनी विचारलंच, "ह्या कोण?" कुंदाताईंनी नव्या जांभळ्या साडीचा पदर सावरला. "पाठराखीण," त्या म्हणाल्या, आणि बाईंनी पुढे काही विचारायच्या आत त्यांच्याच माहेरची चौकशी सुरू केली. जेवणं होईपर्यंत बाईंच्या भाच्यासाठी दोन मुली सुचवूनही झाल्या होत्या. संध्याकाळी कुंदाताई नवरा-नवरीच्या गाडीत, पुढच्या सीटवर, मांडीवर बॅग घेऊन बोरिवलीला गेल्या.

चार दिवस झाले, पाच झाले. रविवारी हेमाबाई टोपली घेऊन आली, समोरच्या कुलपाकडे बघितलं आणि मला विचारलं, "ताई कुठं गेल्या?"

"सुनेच्या सासरी," मी म्हणाले. हेमाबाईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला समजवायला मी तोंड उघडलं, मिटलं आणि अर्धा किलो सुरमई घेतली.

मासे धूत होते तेवढ्यात फोन वाजला. मागे कुकरच्या शिट्ट्या, कुणाचं तरी मोठ्याने हसणं आणि कुंदाताईंचा आवाज.

"स्मिता, किल्ली आहे ना तुझ्याकडे? खोके पाठवून दे इकडे. निखिलच्या आईने काल विचारलं, हे बगळे कोणाचे कोण. बिचारीला काही म्हणजे काही माहीत नाही. पहिल्यापासून सांगावं लागणार."

"तिन्ही पाठवू?"

"तिन्ही. पिवळे-गुलाबी अर्ज पण पाठव, कोरेही." मग त्यांनी आवाज खाली आणला. हसणं लांब गेलं, बहुतेक त्या बाल्कनीत आल्या असाव्यात. "आणि कपाटात साड्यांच्या खाली तो एक अंक आहे बघ, पाकिटातला. खग्रासचा शेवटचा."

"हो. तोही पाठवते."

"नको," कुंदाताई म्हणाल्या. "तो राहू दे तिथेच. उघडू नकोस हं."